पिळून पाठवलेले फोटो

आठवडा झाला तरी धुकं हटायचं नाव घेत नव्हतं. दवाखान्याच्या मागच्या दारापर्यंत येईतो तिच्या भुवया ओल्या व्हायच्या, आणि कुलूप इतकं गार लागायचं की किल्ली फिरवून झाल्यावर बोटं काखेत घालून उभं राहावं लागे. तरी ती आधी कुलपाकडे नीट बघायची. काल आपण लावलं तसंच आहे ना? आत गेल्यावर खुर्ची बघायची, खिडकीची कडी बघायची, शिशाच्या एप्रनची घडी बघायची. मग यंत्र चालू करून दोन रिकामे शॉट मारायची, कारण थंडीत नळी तापल्याशिवाय पहिल्या पेशंटचा फोटो फिकट येतो. प्लेटा स्पिरिटने पुसायच्या, धुतलेले गाऊन आकड्याला लावायचे, आणि एवढं होईपर्यंत बाहेरच्या बाकावर खोकल्याची सभा भरलेली असायची.

एक्स-रेच्या खोलीत तिला एकवीस वर्षं झाली होती. पेशंट तिला फोटोवाल्या बाई म्हणत. घरी धाकटा दीर फौजदारीण म्हणायचा, तेही तोंडावर. हे नाव तिने कष्टाने कमावलेलं. दूधवाला दूध ओतायला लागला की ही मापाच्या बुडाशी किती राहिलं ते वाकून बघणार. बस-गॅरेजातल्या नवऱ्याला यायला उशीर झाला की ही गॅरेजला फोन लावून शेवटची गाडी कधी आली ते विचारणार, आणि तो बिचारा तेव्हा हातात पाना घेऊन त्याच गाडीखाली आडवा असायचा. कुणी टोकलं तर तिचं उत्तर ठरलेलं होतं. म्हणायची, माझ्या खोलीत येऊन बघा. माणूस शपथेवर सांगतो, अंगावर काही नाही, आणि फोटोत गळ्यातली साखळी लखलखते. मी संशय नाही घ्यायचा तर कोणी घ्यायचा?

अशा बाईच्या खोलीत सात महिन्यांपूर्वी तो नवा प्रकार आला. तिने त्याचं नाव ठेवलं शहाणा.

शहाणा म्हणजे काही डबा नव्हता. तो लांब कुठेतरी कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये बसलेला. इथून छातीचा फोटो लाइनवरून पाठवायचा, आणि थोड्या वेळाने पडद्याच्या वरच्या कडेला एक पट्टी यायची. लाल पट्टी आली की टीबीचा संशय. माणसाला छातीच्या डॉक्टरांकडे पाठवायचं, थुंकी तपासायची. हिरवी आली की घरी. शेजारी शंभरपैकी एक आकडा. कंपनीच्या मॅडम बसवायला आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की शहाणा वीस हजार फोटो बघून रोग ओळखायला शिकलाय आणि शंभरातले शहाण्णव बरोबर सांगतो. छातीचे डॉक्टर निवृत्तीला आलेले, त्यांच्याच गळ्यात आणखी दोन दवाखाने. आधी ते एकूण एक फोटो स्वतः बघत. आता भिंतीवर वरून आलेला कागद चिकटवला होता: हिरव्या निकालाचे फोटो डॉक्टरांना दाखवण्याची गरज नाही.

बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि खालची सही खरी आहे का ते बघितलं.

लाइन मात्र शहाण्याच्या तोलाची नव्हती. सकाळी सगळा दवाखाना एकदम कॉम्प्युटरला भिडायचा, आणि एक पूर्ण फोटो जायला बारा-बारा मिनिटं लागायची. बाकावर साठ माणसं. त्यासाठी पडद्यावर एक बटण दिलं होतं, ‘लहान’. ते दाबलं की कॉम्प्युटर फोटो असा दाबून बारीक करायचा की तो अर्ध्या मिनिटात पलीकडे. त्या खोलीत त्याला पिळलेला फोटो म्हणत. ओल्या कपड्यातलं पाणी काढावं तसा. लांबून बघितलं तर फरक कळत नसे. पडद्याला नाक लावलं तर फरशीसारखे बारके चौकोन दिसत, बस. मॅडम म्हणाल्या होत्या, शहाण्याला दोन्ही चालतात. म्हणून सकाळी पिळलेले आणि दुपारी दोननंतर, लाइन मोकळी झाली की, पूर्ण, असा शिरस्ता पडला.

दुसऱ्याच महिन्यात तिला पाणी मुरतंय असं वाटायला लागलं. सकाळी लाल, दुपारी हिरवं. अगदी ठरवल्यासारखं. तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रेघा ओढायला सुरुवात केली, आणि महिनाभराने ते कॅलेंडर घेऊन डॉक्टरांसमोर उभी राहिली. त्यांनी चष्मा वर करून रेघा बघितल्या आणि शांतपणे समजावलं. ज्याला रात्रभर खोकल्याने झोप नाही तो उजाडायच्या आत येऊन बसतो. दुपारी येतात ते नोकरीसाठी सर्टिफिकेट पाहिजे असलेले धडधाकट. मग सकाळी लाल जास्त येणार नाहीत तर काय? आणि त्या लाल माणसांच्या थुंकीत काही सापडत नाही म्हणाल, तर थुंकीत प्रत्येकाचं सापडतंच असंही नाही.

उत्तर चोख होतं. चोख उत्तरांचा तिला एरवीच राग यायचा, तरी तिने कॅलेंडर गुंडाळून परत नेलं. रेघा मात्र ती ओढत राहिली.

घरात दुसरंच प्रकरण चाललं होतं. दोन भाऊ, दोन जावा, एक स्वयंपाकघर. वरच्या मजल्यावर नळाला जोर नसल्याने खालून पाणी न्यावं लागे, आणि बादलीची पाळी एक दिवसाआड. धाकट्या जावेला खोकला लागला तो बरोबर ही पाळी ठरली त्या आठवड्यात. आधी ती जिन्याच्या मधल्या पायरीवर टेकायची, मग खालच्याच पायरीवर. फोटोवाल्या बाईंच्या मनात पाल चुकचुकली. एक दिवस त्या दाराआड उभ्या राहिल्या, ही एकटी असताना खोकते का बघायला. जाऊ खोकली. चांगली पोट धरून खोकली. बाईंनी निष्कर्ष काढला की आपण दाराआड आहोत हे हिला कळलेलं आहे.

नवऱ्याने एकदा म्हणून बघितलं की तुझ्याच दवाखान्यात ने की तिला. ती म्हणाली नेतेच, होऊन जाऊ दे दूध का दूध, मग बघू कोण जिन्यात बसतं ते.

नेलं सकाळी. आणि आता त्या खोलीचा एक रिवाज सांगायला हवा. तिच्या आधीच्या माणसानेही तो पाळला होता. दवाखान्यातल्या कुणाचं आपलं माणूस आलं तर त्याला कोरा गाऊन द्यायचा, प्लेट छातीला गार लागू नये म्हणून आधी हाताने चोळायची, आणि त्याचं काम जरा जास्त नीट करायचं. शहाणा आल्यापासून त्या रिवाजात एक भर पडली होती: आपल्या माणसाचा फोटो पिळायचा नाही. सकाळ असली तरी पूर्ण पाठवायचा. जावेवर कितीही दात असला तरी ती घरची. बाईंनी प्लेट चोळली, खांदे पुढे घ्यायला लावले, श्वास धरायला लावला, फोटो काढला आणि पूर्ण पाठवला. बारा मिनिटं बाकावरची माणसं करवादत होती. एक म्हातारा तर विचारत होता, बाई आत जेवायला बसल्या का.

पट्टी आली. हिरवी. शंभरात चार.

तिने तो कागद छापून पर्समध्ये ठेवला आणि रात्रीच्या जेवणाला सगळ्यांच्या देखत ताटाशेजारी मांडला. दीर हसला, म्हणाला, वहिनी, तुम्ही आता वॉरंटच काढा. ती म्हणाली की छाती काचेसारखी स्वच्छ आहे, खोकला आहे तो बादली बघून येणारा. जावेने कागद हातात घेतला, त्या चारच्या आकड्याकडे बघितलं.

“बरं झालं ताई,” ती म्हणाली. “मला उगाच भीती वाटत होती.”

दुसऱ्या दिवशी तिने बादली नेली. तिसऱ्या दिवशीही, पाळी नसताना. खोकला आला की तिने तोंडावर उशी दाबायला सुरुवात केली होती, पण ते तेव्हा कुणाला कळलं नाही.

तीन आठवड्यांनी गच्चीवर कपडे वाळत घालताना फोटोवाल्या बाईंची नजर जावेच्या मनगटावर गेली. घड्याळ तेच, लग्नातलं, पण पट्ट्याचं टोक पार उलटून खाली लोंबत होतं. तिला वाटलं, घड्याळ बदललं का? हिने नवं आणलं आणि जुन्यासारखं दाखवतेय का? विचारायचा स्वभाव नव्हता, बघायचा होता. जाऊ अंघोळीला गेली तेव्हा तिने कपाटावरचं घड्याळ उचललं. पट्ट्याची कंपनीने पाडलेली भोकं संपली होती. त्याच्या पुढे आणखी दोन भोकं होती, तापवलेल्या सुईने पाडलेली, कडा काळ्या पडून वितळलेल्या. एक जुनं. एक ताजं.

ती घड्याळ हातात घेऊन तशीच उभी राहिली. नाटक करणारा माणूस चार लोकांना दिसेल असं करतो. चोरून पट्ट्याला भोकं पाडत बसत नाही.

जावेवरचा संशय गेला, पण संशयाला बसायला जागा तर पाहिजे. त्या दिवशी कामावर तिने कॅलेंडरच्या रेघा काढल्या. जावेचा फोटो सकाळचा, आणि हिरवा. सात महिन्यांत सकाळी हिरवे आलेत तरी किती? मोजले तर एकोणीस. तिने रजिस्टरमध्ये एकेकाचं नाव शोधलं. शिपायाची आई. स्टोअरकीपरचा मेहुणा. नर्सबाईंची मावशी. वॉचमनची बायको. वॉचमनचा सासरा. ती बोट ठेवून खाली खाली वाचत गेली. एकोणीसच्या एकोणीस आपली माणसं.

दवाखान्यातल्या लोकांच्या नातेवाइकांच्या छात्या काय लोखंडाच्या असतात? तिच्या हाताने झालेला एकच फरक होता. बाकीचे पिळले होते. हे पिळले नव्हते.

दर सोमवारी नळीची तपासणी करायला त्या खोलीत माणसाऐवजी पाण्याने भरलेला प्लॅस्टिकचा कॅन ठेवतात, कारण किरणांना पाणी आणि माणसाचं मांस जवळजवळ सारखंच. त्या दिवशी सोमवार नव्हता. तिने तरी दार लावून कॅन टेबलावर उभा केला, शॉट मारला, आणि तो फोटो पिळून शहाण्याला पाठवला. लाल. शंभरात अठ्ठ्याहत्तर. तोच फोटो पूर्ण पाठवला. हिरवा. तीन. आपण हिरवं-लाल उलटं वाचतोय की काय म्हणून पुन्हा दोन्ही पाठवले. पुन्हा तेच.

ती डॉक्टरांच्या दारात गेली.

“डॉक्टर, एक पेशंट बघायचाय. लाल आलाय, अठ्ठ्याहत्तर.”

“वय किती?”

“माहीत नाही. कॅन आहे, वीस लिटरचा.”

डॉक्टरांनी आधी तिच्याकडे बघितलं, बाईंची तब्येत ठीक आहे ना अशा नजरेने. मग उठून आले. पडद्यावर पाण्याची करडी चौकट, खाली तोटी, वर लाल पट्टी. त्यांनी तिला परत एकदा पाठवायला लावलं, आपल्यासमोर. मग खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ हनुवटी चोळत राहिले. हिला कालपर्यंत आपण काय समजावत होतो ते त्यांना आठवत असावं.

कंपनीच्या मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या की कॅन म्हणजे छाती नव्हे, त्यावरून काही ठरत नाही. म्हणजे आपणच वेड्या असं यांना म्हणायचंय, हे बाईंनी मनात धरलं आणि कालच्या दुपारच्या दहा हिरव्या माणसांचे फोटो पिळून पाठवले. दहाच्या दहा लाल. मग मॅडमचा आवाज उतरला. डॉक्टरांनी विचारलं, हा शिकला ते वीस हजार फोटो कुठले होते? त्या म्हणाल्या की आजारी माणसांचे सगळे एका जुन्या टीबी हॉस्पिटलातले. तिथे जागा पुरत नव्हती म्हणून सगळं पिळून ठेवायची पद्धत होती. आणि निरोगी माणसांचे? ते एका कारखान्याच्या तपासणीतले. नवं यंत्र होतं. पूर्ण.

तिकडून पेनाची खरखर ऐकू आली. मॅडम बहुतेक लिहून घेत होत्या.

म्हणजे शहाण्याने छाती बघितलीच नव्हती. त्याला शिकवताना जेवढे आजारी दाखवले ते पिळलेले होते आणि जेवढे धडधाकट दाखवले ते पूर्ण, तेव्हा त्याने सोपं होतं ते उचललं. चौकोन दिसले की टीबी, नाही दिसले की बरा. तपासायला दिलेले फोटोही त्याच दोन ठिकाणचे, म्हणून शंभरात शहाण्णव.

फोन ठेवल्यावर बाई उठल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, आता काय?

“माझ्या जावेचा फोटो बघा,” ती म्हणाली.

तिने फोटो उघडला आणि स्वतः मात्र टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी फोटो निघाला तेव्हा गळ्याच्या उजव्या हाडाखाली तिला काहीतरी दिसलं होतं. एकवीस वर्षांचे डोळे, दिसणारच. तिने ती बरगडीवर बरगडी आल्याची सावली धरली. बघू, पट्टी काय म्हणते, असं मनाशी म्हणाली, आणि पट्टी हिरवी आल्यावर परत त्या जागेकडे बघितलं नाही. दूधवाल्यापासून वरच्या सहीपर्यंत कुणालाही न सोडणाऱ्या बाईने त्या एका पट्टीची उलटतपासणी केली नव्हती. पट्टी तिच्या बाजूने बोलत होती ना.

डॉक्टरांनी फोटो मोठा केला, अंधार-उजेड कमीजास्त केला, पेनाचं टोक पडद्याला टेकवलं.

“हे हाडाआड. आणि मध्ये पोकळ झालंय, बघा. हे महिन्याभरातलं नाही.” मग त्यांनी विचारलं, “घरात लहान मुलं आहेत का?”

नव्हती. तेवढं एक बरं होतं.

घरी पोचली तेव्हा जाऊ जिन्याखाली बादली भरत होती. फोटोवाल्या बाईंनी नळ बंद केला. काय बोलायचं ते तिने बसमध्ये तीनदा जुळवलं होतं, पण तोंडातून निघालं ते असं: “तुझा फोटो चुकीचा वाचला. तुला आहे. टीबी आहे. उद्या थुंकी द्यायची, आणि औषध सहा महिने.”

जाऊ खालच्या पायरीवर बसली.

“मी नाटक म्हणाले तुला,” बाई म्हणाल्या. “सगळ्यांसमोर.”

“हो.”

“मला फोटोत दिसलं होतं गं. मी बघितलं नाही.”

जावेने हे ऐकून घेतलं. तिचा श्वास छोटा-छोटा चालला होता. ती मनगटावरचं घड्याळ फिरवत राहिली.

“रात्री मला घाम यायचा ना ताई,” ती म्हणाली, “तेव्हा मला वाटायचं, फोटोत काही नाही म्हणजे माझं डोकंच फिरलंय. हे तरी बरं.” आणि मग उठत म्हणाली, “बादली राहू दे इथेच. तुमचे दीर नेतील. त्यांना फार हसू येत होतं.”

थुंकीत निघालं. गोळ्या सुरू झाल्या. घरातल्या सगळ्यांचे फोटो काढले आणि ते डॉक्टरांनी स्वतः बघितले. सकाळी फोटोवाल्या बाई गोळ्या समोर उभं राहून गिळायला लावतात आणि वर तोंड उघडून जीभ उचलायला सांगतात. पहिल्या आठवड्यात जाऊ चिडली, म्हणाली, मी काय तुमची कैदी आहे? बाई म्हणाल्या, जीभ वर. माफ केलं की नाही हे अजून त्यांच्यात बोलून झालेलं नाही. जाऊ त्यांच्याशी बोलते, पण कपडे वाळत घालताना आता दोरीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहते.

शहाणा बंद आहे. कंपनीने तो पुन्हा पहिल्यापासून शिकवून आणू असं कळवलंय. बाईंनी त्या पत्राची प्रत स्वतःजवळ ठेवली आहे. भिंतीवरचा कागद डॉक्टरांनी काढला. आणि दुपारी, पेशंट संपले की, दोघं सात महिन्यांतले हिरवे फोटो बघत बसतात. एकूण तेराशे चाळीस. डॉक्टर एकेक बघतात, बाई पुढचा उघडतात, आणि शंका आली की त्या माणसाला परत बोलवायची चिठ्ठी करतात. पहिल्या आठवड्यात चार सापडले. त्यातला एक, सर्टिफिकेट घेऊन गेलेला ड्रायव्हर, पत्ता बदलून गेलाय. त्याचा शोध बाई रोज फोनवर घेताहेत, आणि तो त्यांच्या तावडीतून सुटेल असं दवाखान्यात कुणालाच वाटत नाही.

डॉक्टरांच्या डोळ्यांवरही तिचा भरवसा नाही. साठीचे डोळे, दिवसाला शंभर फोटो. म्हणून अधूनमधून ती आधी दाखवलेलाच फोटो गुपचूप पुन्हा समोर आणते, आणि दोन्ही वेळा तेच सांगतात का ते कॅलेंडरवर टिपून ठेवते. काल त्यांनी ओळखलं.

“हा परवा दाखवला होतात बाई.”

“हो का,” ती म्हणाली. “काय म्हणाला होतात तेव्हा?”

त्यांनी सांगितलं. जुळलं. तिने पुढचा फोटो उघडला.

पाच वाजता ते गेले. उद्याच्या प्लेटांना लावायची लेबलं संपली होती, आणि स्टोअरमधून नवी यायला आठवडा लागणार होता. तिने कात्री शोधली, कोऱ्या कागदांची चळत पुढे ओढली, आणि बोटाच्या पेराने माप घेत एकसारख्या पट्ट्या कापायला बसली.